गोल चौथऱ्यावर सांगितलेली नावं

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. आठवीत शाळा सोडलेला माणूस मी, लिहायची सवय नाही... चुकलं तर सांभाळून घ्या.

१९९१. सौदीतलं अल खफजी. कुवेतची हद्द इतकी जवळ की लढाई पेटली आणि त्याच दिवशी गावात तोफगोळे पडू लागले. आमच्या कॅम्पवर तिघंच उरलो होतो — मी, केरळचा कुक कुट्टी आणि तैवानचे लिनचाचा, क्रेनवाले. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा होता तो तिथला मालक, "लॉरी पाठवतो" म्हणून गेला तो गेलाच. पासपोर्टही त्याच्याकडे.

तेलाची टाकी जळत होती, दुपारीच अंधारून आलेलं. कॅम्पमागे पाण्याच्या जुन्या टाकीचा गोल सिमेंटचा चौथरा होता. भोवती नुसती वाळू — भिंत नाही, झाड नाही. चाचांनी त्यावर नवाकोरा रुमाल जाळला आणि बाजूला चौकोनी खड्डा करून मूठभर तांदूळ पुरले.

"चाचा, मुतव्वानं बघितलं तर तिघंही आत," मी म्हणालो. मुतव्वा म्हणजे तिथले धर्माचे पोलीस.

"आकाश गोल, त्याला धूर. जमीन चौकोनी, तिला पुरायचं," चाचा त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले. चीनचा बादशहा वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी अशाच गोल चौथऱ्यावर उभा राहून प्रजेची खबर आकाशाला द्यायचा. चाचांचे आजोबा तिथे कंदील धरायला असायचे. दुसऱ्या कुणी हे केलं तर मुंडकं उडायचं.

"बादशहा कुठला आणताय," कुट्टी म्हणाला, "इथे कफीलसुद्धा पळाला."

"म्हणून आपलं आपण सांगायचं. मधोमध उभं राहून नाव. एकानं एकदाच. आवाज परत आला की खबर पोचली, माणूस घरी पोचणार."

कुट्टीनं हसत हसत नाव सांगितलं. आवाज परत आला... विहिरीत ओरडावं तसा, चारी बाजूंनी. त्याचं हसू गेलं.

मग माझी पाळी. "मी डोकं टेकणार नाही हां चाचा, मुसलमान आहे मी," मी म्हणालो.

"नको टेकू. नाव सांग."

मी सांगितलं — माझं, बापाचं, गावाचं. काही नाही. नुसता वारा, आणि लांब कुठेतरी गोळा पडल्याचा आवाज. घरी अम्मी, लग्नाच्या दोन बहिणी.

"परत सांगू?"

"एकदाच."

मग चाचा स्वतः मधोमध जाऊन उभे राहिले. पाळी त्यांची होती. पण नाव घेतलं ते माझं, बापासकट, गावासकट. आणि ते परत आलं... माझ्या आवाजात. माझे ओठ मिटलेले होते.

"आणि तुमचं, चाचा?"

"खलास," म्हणाले, आणि हातावरची वाळू झटकली.

थोड्या वेळानं लॉरी आली. दम्मामपर्यंत कुणाला ओरखडाही आला नाही. तिथे ज्याच्या त्याच्या देशाची माणसं ज्याला त्याला घेऊन गेली. चाचांनी लांबून हात केला, तेवढाच.

इंजिनियर भाचा म्हणतो, भिंतीशिवाय आवाज परत येत नाही मामू, धुरानं भास झाला असेल. असेलही. मग कुट्टीलाही तोच भास कसा झाला? मला आजपर्यंत उलगडलेलं नाही.

नमाजनंतर चाचांसाठी दुवा मागतो. ते घरी पोचले का, खूप जणांना विचारलं. सगळे आधी पूर्ण नाव विचारतात. ते मला माहीत नाही. सांगायची वेळ होती तेव्हा त्यांनी माझं सांगितलं.