मामाजींची चारशे बारा पत्रं

माझे सासरे शालिकराम, आमचे मामाजी, चांदूर बाजाराजवळ संत्र्याची कलमं बांधतात. त्यांचं कलम मरत नाही, असं सगळा तालुका म्हणतो. पण मामाजींचं पोट तालुक्याच्या कौतुकाने भरत नाही. त्यांना केशवरावांपेक्षा वरचढ व्हायचं असतं. केशवराव म्हणजे धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून असलेले दुसरे नर्सरीवाले, शाळेपासूनचे जोडीदार.

गेल्या वर्षी चहाच्या टपरीवर केशवरावांनी फोन दाखवला. ईमेलवर लाल आकडा होता, तीनशे. "एवढे लोकं मले लिहून राहिले," ते म्हणाले. मामाजी जळफळत घरी आले. "रागिणी, मले बी ईमेल उघडून दे."

दिला उघडून. मग बियाण्याचं दुकान, चष्म्याचं दुकान, ट्रॅक्टरचा मेळावा, जिथे फॉर्म दिसेल तिथे त्यांनी पत्ता लिहिला. दोन महिन्यांत आकडा चारशे बारा! विमा, साड्या, केस उगवायचं तेल.

"हे बंद करता येते, मामाजी," मी म्हटलं.

"कावून? लोकं आपल्याले इचारून राहिले, अन् आपण दार लावाव?"

दार लावलं ते एकालाच. केशवराव आपल्या सत्काराचे फोटो मेलवर पाठवायचे. तिसऱ्या फोटोला मामाजी तडकले, "याचं तोंड मले दिसू नाई पायजे." मी केशवरावांना स्पॅममध्ये टाकलं. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. त्यांच्या सुनेचा तोरा काही कमी नाही.

परवा कळलं, अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात केशवरावांनी गावातल्याच नत्थुजींसोबत स्टॉल घेतला. मामाजी जेवले नाहीत. "नत्थूले कलम बांधता तरी येते काय? मी मेलो होतो काय?" त्यांनी फोन माझ्यापुढे टाकला. "पाह्य, प्रदर्शनवाल्यायनं मले काही धाडलं काय."

सगळं चाळलं, काही नव्हतं. शेवटी स्पॅम उघडलं. तिथे केशवरावांची मेल होती, वीस दिवसांपूर्वीची. मी मोठ्याने वाचली.

"शालिक, अकोल्याचा स्टॉल दोघांत एक मिळते. कलमं तुह्यी नेऊ, माह्यी तुह्यापुढं टिकत नाई. तोंडावर हे बोलवत नाई म्हणून लिहिलं. दहा तारखेच्या आत हो म्हण."

दहा तारीख केव्हाच गेली होती.

"ते कलमाचं पुन्हा वाच," मामाजी म्हणाले. मी वाचलं. त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं.

"बापा! साडीवाल्याले, तेलवाल्याले घरात बसवलं," ते हळूच म्हणाले, "अन् त्याले बाहेर उभं ठेवलं."