पॉलिसीबाहेरची टोळी

कंत्राटदाराचं नाव काढलं तरी अजून माझ्या तोंडाला कडवट चव येते. पोरं म्हणतात, आई, घर बांधून झालं, भाडेकरू आले, आता तरी सोड. मी सोडत नाही. सोडण्यासारखं असतं तर तेव्हाच सोडलं असतं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझी खानावळ आहे. तरुणपणी मी निफाडकडच्या द्राक्षबागांत रोजाने घड विरळायला जायची. तिथून इथे आले, चार डब्यांवर सुरुवात केली आणि आज दोन कारखान्यांची कँटीन माझ्याकडे आहेत. कारखान्याच्या गेटवर माझ्या पोळ्या लाटणाऱ्या बायकांनाही विम्याच्या कागदाशिवाय आत सोडत नाहीत. उद्या कुणाचा हात तेलात भाजला तर कारखान्याच्या गळ्यात पडू नये म्हणून. तेव्हा कामगारांची पॉलिसी काय असते हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाथर्डी फाट्याजवळ प्लॉट घेतला, खाली स्वयंपाकघर आणि वर भाड्याच्या खोल्या बांधायचं ठरलं, तेव्हा कंत्राटदाराला मी पहिली अट तीच घातली.

कंत्राटदार म्हणजे कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन मोबाइल आणि बोलताना दात कोरायची सवय. मी तीन संध्याकाळ त्याच्याशी स्क्वेअर फुटाच्या दरावरून भांडले. पॉलिसीचा खर्च तो वेगळा लावत होता, तो मी दरातच घालायला लावला. काम अर्धवट टाकून पळालास तर काय, म्हणून बँकेची हमी मागितली. त्यावर तो हसला. म्हणाला, "ताई, मी काय धरण बांधतोय का?" शेवटी तारण म्हणून त्याने सही केलेला कोरा चेक दिला. तो मी कपाटात साड्यांखाली ठेवला आणि त्या रात्री शांत झोपले.

पॉलिसी आली. पाच माणसांची. दोन गवंडी, तीन बिगारी. मी चष्मा लावून प्रत्येकाचं नाव आधार कार्डाशी ताडून पाहिलं. एवढं कोण करतं? मी केलं, आणि चार जणांना सांगितलंही.

ज्यांनी बांधकाम केलेलं नाही त्यांच्यासाठी एक सांगते. स्लॅब टाकणारी माणसं वेगळी असतात. रोजचे पाच जण महिनोन्‌महिने विटा रचत असतात, आणि स्लॅबच्या दिवशी मिक्सरबरोबर वीस-पंचवीस बायाबाप्यांची टोळी येते. सकाळी नारळ फोडायचा, दिवसभरात सगळं ओतायचं, संध्याकाळी टोळी निघून जाते. ही टोळी मुकादम आणतो. मुकादमाला कंत्राटदार बोलावतो आणि मधल्या मध्ये आपला वाटा ठेवतो.

तो वाटा किती, हे मी शोधून काढलं. मग कशाला गप्प बसते? मजूर अड्ड्यावरच्या चहावाल्याकडून मुकादमाचा नंबर घेतला, थेट त्याच्याशी भाव केला आणि माझ्या फोनवरून उचल पाठवून दिली. कंत्राटदाराला सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता हा आदळआपट करणार. त्याने काहीच केलं नाही. दात कोरत म्हणाला, "बरं ताई. मग टोळी तुमची." पोळ्या लाटणाऱ्या दोघी तिथेच होत्या. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही हसू आलं. जिंकल्यासारखं वाटलं.

त्याला सगळं माहीत होतं. पॉलिसीत त्या पाच नावांखाली त्याने रोजाने आणलेली माणसंही धरलेली होती, पण टोळी मी आणली की ती त्याची माणसं राहत नाहीत, हे त्याला त्या क्षणी कळलेलं होतं. एक वाक्य बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण वाटा गेला म्हणून तो गप्प बसला. माझा राग तो हाच आहे.

स्लॅबच्या दिवशी टोळीला जेवण घालायची रीत आहे. बाहेरून कशाला आणायचं, म्हणून मी स्वतःच साइटवर चूल मांडून मटण शिजवत होते. टोळी पेठ तालुक्याकडची. त्यातली एक तिशीची बाई सकाळी चुलीपाशी आली आणि मटणात खोबरं घालता का, म्हणून विचारून गेली. घालते म्हटल्यावर मागे वळून तिने इतरांना तसं सांगितलं. म्हणून ती माझ्या लक्षात राहिली.

अकराच्या सुमारास उताराच्या फळ्यांवरून घमेलं घेऊन वर जाताना एक फळी कलली आणि तीच बाई खाली खडीच्या ढिगावर पडली. पाय अंगाखाली असा दुमडला होता, जसा माणसाचा पाय दुमडत नाही. मिक्सर चालूच होता. स्लॅब मध्येच थांबवला की सांधा राहतो आणि पुढे जन्मभर गळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. मुकादमाने ओळीत तिच्या जागी दुसरी बाई उभी केली. त्याला मी नावं ठेवणार नाही, कारण त्याच्याही आधी मीच ओरडले होते, "मिक्सर बंद करू नका." हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मग तिला डब्यांच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. टेम्पोत तिच्याबरोबर तिचा नवरा होता, तोही टोळीतलाच. त्याच्या गुडघ्यापर्यंत सिमेंट वाळत चाललं होतं.

मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. ऑपरेशन करून सळई घालावी लागणार, आणि लवकर घातली नाही तर पाय कायमचा जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. खर्चाचा आकडा नवऱ्याने दोनदा विचारून घेतला. मी म्हटलं, घाबरू नको, पॉलिसी आहे. कंत्राटदाराला फोन केला. तो विम्याच्या एजंटाला घेऊन दुपारी आला.

एजंटाने एकच प्रश्न विचारला, टोळी कुणी आणली? कंत्राटदार म्हणाला, "ताईंनी." एजंटाने फाइल मिटली. मग हळूच म्हणाला की कंत्राटदाराने टोळी आपली म्हणून लिहून दिलं तर बघता येईल, पण चौकशीला माणूस येणार आणि उचल कुणी दिली ते विचारणार.

एजंट चहाला गेला. कंत्राटदार माझ्याशेजारी बाकावर सरकला. तो लिहून द्यायला तयार होता. उचल ताईंनी माझ्या सांगण्यावरून पाठवली, असंही म्हणायला तयार होता. बदल्यात त्याला बुडालेला वाटा हवा होता, दुप्पट, आणि वरच्या स्लॅबची टोळीही त्याच्याकडूनच. मी म्हटलं, दुप्पट कशाला, होता तेवढाच. तो दीडपटीवर आला. मी सव्वापट म्हटलं. बाजार समितीत कांद्याची गोणी घेताना माझा जो आवाज लागतो, तोच लागला होता. मला ते कळतही नव्हतं. आम्ही दोघं रंगलो होतो.

तेवढ्यात समोर सावली आली. नवरा उभा होता, हातात एक्सरेची पिशवी. किती वेळ उभा होता कोण जाणे. म्हणाला, "ताई, तुमचा ठरला का? डाक्टर इचारतो, सळई घालायची का नाय."

तो टोमणा नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की आमचं ठरल्याशिवाय त्याच्या बायकोचा पाय जुळणार नाही. आणि तसंच तर चाललं होतं. मी तोंड धुवायला उठले, तिथून तशीच काउंटरवर गेले आणि कार्ड दिलं. परत येऊन त्या कंत्राटदाराला भर कॉरिडॉरमध्ये जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो शर्ट नीट करत उठला आणि म्हणाला, "आवाज कमी करा ताई. दवाखाना आहे हा."

आठवड्याने विमा कंपनीचा तपासणीला येणारा माणूस साइटवर आला. टोळी आपलीच असल्याचा कागद कंत्राटदाराने तरीही तयार ठेवला होता. राग ओसरला की मी ताळ्यावर येईन असा त्याचा हिशेब. त्या माणसाने मला विचारलं, टोळी कुणाची? मी म्हटलं, "माझी. भाव मी केला, उचल मी दिली." फोन काढून व्यवहार दाखवला. कंत्राटदार माझ्याकडे असा बघत राहिला, जसं मी भर रस्त्यात नोटा जाळते आहे. मी सत्यवादी म्हणून बोलले असा आव आणणार नाही. खोट्या कागदावर सही करून कंत्राटदाराला माझा एक रुपयाही मिळू द्यायचा नव्हता, हे त्यात निम्म्याहून जास्त होतं.

विमा मिळाला नाही. कंत्राटदार चार दिवसांत काम टाकून गेला. कोरा चेक भरला, तर ते खातं त्याने आधीच बंद केलेलं. ज्या कागदावर मी इतके दिवस निश्चिंत होते, त्याच्यावर वाण्याने चिमूटभर मीठही बांधून दिलं नसतं.

नुकसानभरपाई माझ्यावर आली. वकिलांनी समजावलं की बाईचं वय, तिची मजुरी आणि पाय किती निकामी झाला यावरून रक्कम ठरते आणि ती कामगार न्यायालयात भरायची. मी सवयीने विचारलं, काही कमी होईल का? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा कागद सरकवला. ती रक्कम मी ठरली तशी भरली.

न्यायालयात सह्यांच्या दिवशी ती बाई नवऱ्याबरोबर आली होती. सळई बसली होती, पण एक पाय बोटभर आखूड राहिला होता, हातात काठी. भरपाईबद्दल ती काही बोलली नाही. सही म्हणून अंगठा दिला, बोट पदराला पुसलं आणि माझ्यापाशी आली.

"ताई, त्या दिसाची माझी हजेरी मुकादमानं लावलीच नाय. म्हणे अकराला पडली. आठपासून तीन तास तर वाहिला ना मी?"

इतके महिने तिच्या मनात हे होतं. माझ्याविरुद्ध तिचं एवढंच म्हणणं होतं. मी पर्स उघडून पूर्ण दिवसाची मजुरी पुढे केली. तिने ती नवऱ्याकडे दिली, त्याने मोजली. तीन तासांची त्याने ठेवली आणि उरलेले पैसे तिने माझ्या हातात परत ठेवले.

जिना उतरायला तिला वेळ लागला. प्रत्येक पायरीवर आधी काठी, मग आखूड पाय, मग धड. ती दिसेनाशी होईपर्यंत मी वर उभी राहिले आणि मग तिचे तीन तास वहीत लावून घ्यायला मुकादमाला फोन लावला.