मांडावरचं गाऱ्हाणं

पेडण्यातल्या आमच्या गावात देवळामागची मोकळी जागा म्हणजे मांड. तिथं कुणी चप्पल घालून पाऊल टाकत नाही. पौषात आम्ही बायका तिथंच धालो घालतो, ओळीनं उभ्या राहून गातो, नाचतो. दुसरीकडे ते चालत नाहीत. सरकारी आराखड्यातही ती जागा मोकळीच राखलेली. तरी सरपंचाच्या डोक्यात खूळ शिरलं, तिथं दुकानांची शेड बांधायची. धारगळच्या हायवेवरून गिऱ्हाईक येणार म्हणे! डोंबलाचं गिऱ्हाईक.

ग्रामसभेत मी घसा बसेपर्यंत भांडले. "धालो शाळेच्या पटांगणात घाला," सरपंच म्हणाला. अरे, मांड काय खुर्ची आहे, उचलून तिकडे ठेवायला? पण मेल्यांनी ठराव रेटून नेला, आणि एका सकाळी जेसीबी आला.

मी पदर खोचून त्याच्यासमोर उभी राहिले. बघता बघता अर्धं गाव जमलं. सरपंच मुहूर्ताचा नारळ घेऊन आलेला. पण गाऱ्हाणं घातल्याशिवाय, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागणं मागितल्याशिवाय, नारळ फुटतो होय? आणि गाऱ्हाणं घालणारे जाणते पुरुष त्या दिवशी मुद्दाम फिरकलेच नव्हते. तेव्हा धालोंत पुढे असणारी माझी थोरली जाऊ म्हणाली, "दी तो नारळ हांगा, मी घालतंय." सरपंचानं खूश होऊन दिला. पिसो मेला, ठार वेडा!

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या मांडार उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात.

"तेंका बरी बुद्धी दी..."

"व्हय म्हाराजा!"

"आनी हो मांड असोच उघडो ऱ्हांव दी. जो कोण हेच्यार कुदळ मारीत, तेका तूच बघून घे..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज सरपंचाचा! हात जोडलेले, डोळे मिटलेले. जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं. डोळे उघडले तेव्हा आम्ही पोट धरून हसत होतो. जेसीबीवाला सावंतवाडीकडचा. तो चपला काढून खाली उतरला. "सायबानू, तुमीच व्हय म्हटलात. आता माझ्यान खणूक जावचा नाय."

"तसं नव्हे, तसं नव्हे," सरपंच पुटपुटत राहिला. पण देवापुढचा होकार फिरवायची छाती कुणाची? पुढच्या ग्रामसभेत त्यानंच ठराव मागे घेतला. काय सांगू, त्या दिवशी मी रस्ताभर गात घरी आले.

पौषात धालोंना माझ्या शेजारी सरपंचाची बायको उभी राहिली. हळूच गात होती बिचारी.

"जोरान गा गो," मी म्हटलं, "घरात आयकूक जांव दी!"