टाचणीवरची चिठ्ठी

संपदाक्का बंगळुरातल्या चामराजपेटेतून दोन बस बदलून साडेआठला आमच्या कीटक-संस्थेत पोचते आणि दिवसभर मेलेले भुंगेरे भिजवत बसते. बत्तीस वर्षं हेच. मी उल्का, पुण्याहून आलेली, शेजारच्या टेबलावर त्या भुंगेऱ्यांचे फोटो काढते. अक्काबद्दल लिहायचं तर आधी राजसच्या नावाने बोटं मोडावी लागतील.

आनेकल गावच्या शेणात सापडलेले एक्केचाळीस नर भुंगेरे. काळे, मिऱ्याएवढे, भिंगाखालीही सगळे सारखेच. जाती किती, ते फक्त नराच्या जननांगावरून कळतं. अक्का भुंगेरा गरम पाण्यात मऊ करते, सुईने ते एवढंसं अंग बाहेर काढते, कागदाच्या तुकड्यावर चिकटवते, शेजारी जात लिहिते आणि त्याच टाचणीत भुंगेऱ्याखाली खोचते. चार वर्षं खपून तिने दाखवलं, जाती तीन आहेत. तिसरी आजवर कुणीच नोंदवली नव्हती.

आमचा नवा साहेब राजस, त्याला प्रदर्शनासाठी ‘क्लीन’ फोटो हवे होते. अक्का रजेवर होती. या गाढवाने एक्केचाळीस तुकडे चिमट्याने उपटले आणि कचऱ्यात टाकले. मी समोर होते. तोंड उघडलं नाही, कॅमेरा लावत राहिले.

अक्का परतली तोवर कचरा गेलेला होता. चार वर्षं मातीत.

“अक्का, तुम्हाला तर सगळे ओळखता येतात,” राजस म्हणाला. लाज नावाची गोष्ट नाही. “आठवतील तशी नावं लावा ना परत. चेक कोण करतंय?”

“ओळखता येत नव्हते म्हणूनच कापून बघत होते, साहेब!” अक्काचा आवाज पहिल्यांदाच चढला. “आता देवाला विचारा.”

मग तिने नखाएवढ्या एक्केचाळीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि एकेका टाचणीत खोचल्या. राजसने भिंग लावून वाचलं: ‘जात ओळखता येत नाही. जननांग काढून फेकले: राजस. फोटो: उल्का.’ खाली तारीख.

“हे काढा, अक्का. डायरेक्टर बघतील.”

“सरी,” अक्का कानडीत ‘बरं’ म्हणाली, “बघू देत. टाचणीवरचं काही काढायचं नसतं, साहेब. पहिल्या दिवशी शिकवतात इथं. तुम्हाला कुणी शिकवलं नाही वाटतं.”

तो दार आपटून गेला. मला हसू येईना. माझं नाव एक्केचाळीस वेळा होतं, आणि चिठ्ठीत खोटा म्हणून खोडावा असा एकही शब्द नव्हता.