शिनोलीच्या अलीकडे

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. तिला माहीत नाही म्हणजे कुणालाच नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी जुन्नरला एका कचेरीत क्लार्क होतो. अर्ध-मॅरेथॉन धावायचो – एकवीस किलोमीटर, आणि सराव आठ-दहा दिवसांचा. निम्मी शर्यत चालतच संपायची. पण मेडल मिळायचं, कचेरीत सांगायला व्हायचं. सराव लागतो कशाला, असं मी ऐटीत म्हणायचो.

बापू माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. घरची मेंढरं विकल्यावर टेम्पो चालवायचा. मीच त्याला म्हणालो, “तू मेंढरांमागं वाढलेला. तुला कसला सराव?” त्यानं नवे बूट घेतले. एकदाही धावून पाहिलं नाही. ‘धावून बघ’ असं मीही म्हणालो नाही.

शर्यत घोडेगावहून शिनोलीच्या पुढे जाऊन परत. उद्घाटनाचे पाहुणे उशिरा आले, म्हणून सुटायलाच नऊ वाजले. ऊन लागत होतं. पण त्या दिवशी माझे पाय, कसे कोण जाणे, साथ देत होते. दोन तासांच्या आत येईन असं पहिल्यांदाच दिसत होतं. बापू मागे राहिला नाही. माझ्या बरोबरीनंच पळत होता – त्याला कुणी सांगितलं होतं तेवढं पळायला?

परतताना, शिनोलीच्या अलीकडे, तो रस्त्याच्या कडेला बसला. “दाजी, थांबा जरा. कसंतरीच व्हतंय.”

मी वळून पाहिलं. तोंड लालबुंद, आणि घाम अजिबात नव्हता. मी घड्याळ पाहिलं. “बस सावलीत, पुढं सांगतो कुणाला तरी,” म्हणालो आणि निघालो.

पुढे पाण्याचं टेबल होतं. दोन माणसं उभी होती. मी ग्लास घेतला, प्यायलो, टाकला. सांगितलं नाही. विसरलो म्हणावं, तर विसरलो नव्हतो. बोलायला थांबावं लागलं असतं – इतकंच.

एक तास सत्तावन्न मिनिटं.

बापू बेशुद्ध सापडला, बऱ्याच वेळानं. उष्माघात. पंधरा दिवस दवाखान्यात होता. वाचला. पण चालताना झोक जातो, शब्द लांबतात. टेम्पो विकावा लागला. दवाखान्याच्या दारात बायकोनं विचारलं, “तुमच्यासंगं नव्हता का?” मी म्हणालो, “तो मागं होता, मला दिसलाच नाही.” तिनं मान हलवली. मला तेव्हा काही वाटलं नाही. आतून वाटायला हवं होतं ते येईल म्हणून वाट पाहिली – आलं नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा धावलो. त्याच रस्त्यानं. कुणी काही म्हणालं नाही.

बापूला त्या दिवसातलं काही आठवत नाही. परवा आमच्याकडे जेवायला आला होता. शेजारचे एकजण आले होते, त्यांनी विचारलं, काय झालं होतं तेव्हा? बायको वाढत होती. बापू सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाला, “एकटाच व्हतो मी. दाजींनी बघितलं असतं, तर थांबलं असतं ते.”

मी “हो” म्हणालो.