लेफ्ट म्हणजे डावं

लिफ्टवाल्याची आई रफू करायची. कपड्याला पडलेलं भोक तिनं बुजवलं की ते कपड्याच्या मालकालाही पुन्हा सापडत नसे, आणि ते सापडू नये यातच तिची सगळी करामत. काम जितकं चांगलं तितकं ते दिसणार नाही, असा हा विचित्र धंदा. खिडकीशी खुर्ची, मांडीवर कुणाची तरी पँट, ओठांत सुई आणि त्या सुईलाही न जुमानता चालणारी बडबड. बायका केवळ गप्पा मारायला चांगले कपडे फाडून आणतात, असं तिचा नवरा म्हणायचा.

नवरा टेम्पो चालवायचा. एकदा एका बंद पडलेल्या ऑफिसचं सामान हलवताना तिथला एक टाकाऊ कॉम्प्युटर त्यानं मागून घेतला आणि घरी कपाटाशेजारी आणून ठेवला. पोराच्या अभ्यासाला होईल, हा बहाणा. पोराचं शाळेत इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं. कॉम्प्युटरसोबत एका जुन्या सीडीवर एक खेळही आला. त्याचं खरं नाव कुणाला नीट वाचता आलं नाही. घरात त्याला सगळे ‘भुताचा बंगला’ म्हणायचे.

पडद्यावर एक रिकामा, अंधारा बंगला. प्रत्येक खोलीत एक कोडं, ते सुटलं की पुढचं दार उघडायचं. जिन्यावर पांढऱ्या झग्यातली एक बाई उभी असायची. ती काही करायची नाही, नुसती हसायची, पण असं हसायची की पोरगा पहिल्याच दिवशी कॉट गाठून चादरीत शिरला. त्याची भीती घालवायला आई खुर्चीवर बसली. “बघू तरी कोण बाई आहे,” म्हणाली. बसली ती बसलीच.

त्या बाईला तिनं ‘मावशी’ करून टाकलं. मावशी एवढा वेळ रिकामी असते तर जळमटं का काढत नाही, असं ती पडद्याकडे बघून विचारायची. पोराची भीती त्यातच पळाली. दुपारची कामं उरकली की मायलेक बंगल्यात शिरायचे. भिंतींवर, फोटोंखाली, टेबलांवर इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं असायचं. आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. वाचायचं पोरानं, डोकं चालवायचं आईनं. तेव्हापासून ती त्याला ‘मास्तर’ म्हणायला लागली. मास्तर शब्दकोश मांडीवर घेऊन बसायचा, आणि एखादा शब्द अडला की ठोकून द्यायचा. आईचं डोकं इतकं चांगलं की चुकीच्या अर्थातूनही ती वाट काढायची.

असं करत दोघं वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत पोचले. तिथे भिंतीवर पाहुण्यांची चित्रं होती आणि मधल्या टेबलावर तबकात किल्ल्या. कुठली किल्ली कुठल्या पाहुण्याची, हे ओळखून द्यायचं. आईनं ते कपड्यांवरून ओळखलं. एकाच्या कोटाच्या काठाची नक्षी एका किल्लीच्या दांड्यावर होती, दुसरीच्या झालरीचे दाते दुसऱ्या किल्लीला. रफू करणारीच्या नजरेला हे दिसणारच. सगळे पाहुणे खूश झाले. तबकात एक बुटकी, गंजलेली किल्ली तेवढी राहिली. मग दारावर अक्षरं उमटली. मास्तरनं ती वाचली, आणि या वेळी शब्दकोश उघडायचीही गरज पडली नाही. लेफ्ट म्हणजे डावं, हे तर वर्गातल्या ढ पोरालाही येत होतं.

“जे डावीकडे आहे त्यानं दार उघड,” त्यानं सांगितलं.

डावीकडच्या भिंतीला खरोखरच एक जुडगा टांगलेला होता, चकचकीत. आईनं त्यातली किल्ली लावली. मावशी हसली, दिवे गेले आणि दोघं धाडकन तळघरात. पुन्हा सगळ्या खोल्या, पुन्हा सगळे जिने, पुन्हा तेच पाहुणे. जुडग्यातली दुसरी किल्ली. पुन्हा तळघर. कितीतरी दुपारी यात गेल्या. एकदा आईनं माऊस त्या गंजलेल्या किल्लीवर नेऊन विचारलंही, की बाबा रे, ही एक उरलीय हिचं काय? मास्तर वैतागला. लिहिलंय ना डावीकडचं, म्हणाला, तुला इंग्रजी येतं का मला? आईनं माऊस हलवला. मास्तरचा शब्द शेवटचा.

जुडगा संपला तेव्हा तिनं हात टेकले. आपलं डोकं इथवरच, असं म्हणून ती उठली आणि कॉम्प्युटरवर मास्तरच्या मोटारी धावायला लागल्या. त्याला बरंच झालं होतं.

पुढे थोड्याच दिवसांनी वर्गात बाईंनी फळ्यावर एक वाक्य लिहून अर्थ विचारला. दूध उरलेलं नाही, असा तो अर्थ. मागच्या बाकावरच्या एकानं ‘दूध डावीकडे नाही’ असं ठोकून दिलं. वर्ग हसून लोळला. मास्तरही हसला, आणि हसता हसता मधेच थांबला. बाई समजावत होत्या की लेफ्टचा दुसरा अर्थ ‘उरलेलं’. त्याला ती बुटकी किल्ली दिसत होती.

घरी जाऊन सांगायचं त्यानं ठरवलं होतं, अगदी खरं. पण घरी गेल्यावर त्याला कॉम्प्युटर रिकामा दिसला. सांगितलं तर आई पुन्हा बसणार, आणि आपली दुपार गेली. शिवाय मास्तरची मास्तरकी जाणार ती वेगळीच. उद्या सांगू, असं म्हणून त्यानं मोटार सुरू केली. पोरानं केलेली चूक पोरासारखीच होती, तिचं काही नाही. पण हे ‘उद्या’ त्याचं स्वतःचं होतं.

पुढच्या वर्षी लाँड्रीवाला घरी आला. आईकडे रफूचे कपडे त्याच्याकडूनच यायचे. तो नवं दुकान काढत होता, मोठं, बिलं कॉम्प्युटरवर निघणारी. गिऱ्हाइकांशी बोलायला आईइतकं गोड माणूस त्याला मिळणार नव्हतं. काउंटरवर बसा, पंख्याखाली, महिनाभरात सगळं शिकवतो, म्हणाला. आईच्या चेहऱ्यावर एक क्षण असं काही आलं की मास्तर ताटावरून बघत राहिला. तिला जायचं होतं, हे त्याला लख्ख दिसलं. मग ती हसली.

“मी कसली बिलं काढते दादा? साध्या पोरांच्या खेळात माझं डोकं चालेना. भुतानं दार नाही उघडलं मला.”

मास्तर समोरच जेवत होता. तोंडात घास होता. घास असताना बोलू नये, हे आईनंच शिकवलेलं. त्यानं तो घास इतका वेळ चावला की लाँड्रीवाला चपला घालून निघून गेला.

आई रफू करत राहिली, डोळ्यांनी साथ सोडेपर्यंत. मास्तर मोठा होऊन लिफ्ट दुरुस्त करायला लागला. लेफ्टनं नाव घालवलं पण लिफ्टनं पोट भरलं, असा विनोद त्याला सुचला होता, फक्त तो कुणाला सांगता येत नव्हता. अडकलेल्या लिफ्टचं दार उघडून लोकांना बाहेर काढायचं, ते हात धरून आभार मानायचे, आणि हा मान खाली घालून हत्यारं गोळा करायचा. घरी नवं यंत्र आलं की आई दोन्ही हात वर करायची. मोबाइलचं हिरवं बटण तेवढं माझं, बाकी तुम्ही बघा, मला यंत्राचं डोकं नाही. मग लिफ्टवाला धावत जायचा. तिची बिलं भरायचा, फोन लावून द्यायचा, बँकेत तिच्यासाठी उभा राहायचा. आईचं किती करतो, म्हणून शेजारीपाजारी त्याची वाखाणणी करत. ते कौतुक त्याला चपलेतल्या खड्यासारखं टोचायचं.

वडील गेले. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि तिला पुन्हा सगळं स्वच्छ दिसायला लागलं. बोलता बोलता तिनं नातीला मावशीची गोष्ट सांगितली. नात कॉलेजात जाणारी, बोटांत वारं भरलेली. जुने खेळ आता नव्या कॉम्प्युटरवरही चालतात, म्हणाली, आणि कुठून तरी तोच बंगला शोधून लॅपटॉपवर उतरवला. रविवारी जेवणं झाल्यावर तिनं तो आजीपुढे ठेवला. आजीनं माऊसखाली घडी केलेलं फडकं घातलं, पूर्वी घालायची तसंच, आणि हाक मारली.

“मास्तर, या. वाचायला कोण आहे मला?”

नात म्हणाली, मी वाचते ना. आजी म्हणाली, तू नको, आमची जोडी आहे. लिफ्टवाल्यानं खिशातला फोन काढून बघितला. गावातली एखादी लिफ्ट अडकावी, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं. एकही अडकली नाही.

आईला सगळं आठवत होतं. मावशी जिन्यावर दिसताच तिनं तिची चौकशी केली, अजून जळमटं तशीच म्हणून सुनावलं. दारं भराभर उघडत गेली. दोन रविवार गेले, आणि तिसऱ्या रविवारी पाहुण्यांची खोली आली. चहा थंड होत होता. नात आतल्या खोलीत कुणाशी तरी फोनवर हसत होती. आईनं किल्ल्या वाटल्या, तबकात ती बुटकी एकटी पडली, आणि दारावर अक्षरं उमटली.

लिफ्टवाल्यानं या वाक्याची तयारी केली होती. नव्या खेळात कोडं बदललंय, असं म्हणायचं. आई खूश होईल, दार उघडेल, कुणाचंच काही जाणार नाही. वाक्य जिभेवर तयार होतं. त्यानं आईकडे पाहिलं. माऊस डावीकडच्या जुडग्याकडे निघालाच होता, सवयीनं, आणि तिच्या चेहऱ्यानं आधीच हार मानलेली होती.

“आई, थांब,” तो म्हणाला. “जी उरलीय ती घे.”

“डावीकडची ना?”

“नाही. लेफ्ट म्हणजे उरलेलंही होतं. मी तेव्हा चुकीचं वाचलं होतं.”

आईनं गंजलेली किल्ली उचलून दाराला लावली. दार उघडलं. पलीकडे बाग होती, ऊन होतं. एवढ्या बंगल्यात ऊन पहिल्यांदाच दिसत होतं. मावशी हसली नाही, नुसती बाजूला झाली. आई त्या उन्हाकडे बघत राहिली. ती आता हसेल, असं लिफ्टवाल्याला वाटलं. लहान होतास रे, म्हणेल, आणि सुटलो.

“मी विचारलं होतं तुला,” आई म्हणाली. “ही उरलीय हिचं काय, म्हणून.”

“हो.”

“मग तुला कधी कळलं? आत्ता?”

इथेही ‘हो’ म्हणता आलं असतं.

“त्याच वर्षी. शाळेत.”

आईनं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. बोटं पदराचा काठ चाचपत राहिली, एखादं भोक शोधत असल्यासारखी.

“म्हणजे काउंटरच्या आधी,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. आईनं चहाचा कप उचलला, गार झालाय हे बघून तसाच खाली ठेवला. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती खुर्चीत सावरून बसली आणि पुन्हा माऊस हातात घेतला. बागेच्या फाटकावर आणखी काहीतरी लिहिलेलं होतं. लिफ्टवाला वाचायला पुढे झुकला.

“थांब जरा,” आई म्हणाली, आणि आतल्या खोलीकडे वळून तिनं नातीला हाक मारली. “इकडे ये गं बाळा. बाबा बरोबर वाचतोय का, ते तेवढं बघ.”