राठोडबाईंची बडीशोप

बैठकीचा दिवस असला की राठोडबाई सकाळपासून बडीशोपेची डबी घेऊन टेबलाटेबलाशी हिंडायच्या. कुणाच्या मुलाचा ताप, कुणाच्या शेतातलं सोयाबीन, असं काहीबाही विचारायच्या, चिमूटभर बडीशोप हातावर ठेवायच्या आणि जाता जाता आजच्या विषयाबद्दल एखादं वाक्य सोडायच्या. मी तालुक्याच्या त्या कार्यालयात नवी अभियंता होते. मला वाटलं, बाईंना काम नको आहे.

त्या कार्यालयात बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. होतं ते एकच, आणि त्याची किल्ली वानखडे या बडेबाबूंच्या खिशात. कारण काय, तर साहेबांकडे पाहुणे येतात! आम्ही बायका दिवसभर पाणी न पिता बसायचो. अगदीच असह्य झालं तर बसस्थानक गाठायचो. शेवटी एका बैठकीत मी सगळ्यांसमोर साहेबांना विचारलं, "इथे बायका माणसं नाहीत का?" साहेबांचा चेहरा उतरला, वानखडेबाबूंनी खाकरून जागेची अडचण पुढे केली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. पुढच्या बैठकीत तो त्याच्या पुढच्या बैठकीवर गेला. मी नुसती धुमसत होते.

"बरोबर बोलल्या तुमी मॅडम," राठोडबाई म्हणाल्या, "पन साह्यबाले चारचौघात पकडलं. मानूस असा पकडला का तो नाहीच म्हनते."

"मग काय पाया पडू त्यांच्या?"

"पाया कायले? आंधी जवळ जाऊन बसा ना. आमच्या तांड्यात नसाब बसाच्या आंधी कारभारी घरोघर हिंडते. नसाबात कोनाले नवी गोष्ट आयकू येऊ नये."

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. बाईंचे वडील बोरी अरबकडच्या एका तांड्याचे कारभारी होते, त्यामुळे हे सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. साधा हक्क, त्यासाठी बडीशोप कशाला वाटायची? मी भांडलेच त्यांच्याशी. बाईंनी शांतपणे डबीचं झाकण लावलं.

"हक्क तं हायेच मॅडम. पन आपल्याले भांडन जिंकाचं हाय का संडास पायजे?"

त्याच सुमारास वानखडेबाबूंची मुलगी महागावला नोकरीला लागली होती. बाई रोज बाबूंच्या टेबलाशी बसायच्या आणि विचारायच्या, "पोरीच्या हापिसात सोय हाय का, बाबूजी?" एवढंच. एके दिवशी बाबूंनी खरोखरच मुलीला फोन करून विचारलं. तीही तिथे दिवसभर पाणी न पिताच बसायची.

पुढच्या बैठकीत मागच्या रिकाम्या खोलीचा प्रस्ताव आला, तो वानखडेबाबूंकडून! साहेबांनी लगेच मान डोलावली. बाबूंच्या हातातला आराखडा मी काढलेला होता. बाईंनी तो माझ्याकडून मागून नेला होता. उद्घाटनाचा नारळही बाबूंनीच फोडला. वर आठवडाभरात पाहुण्यांसाठी म्हणून त्या दारालाही कुलूप लावून पाहिलं. बाई गेल्या, बडीशोप दिली आणि किल्ली घेऊन आल्या. पण त्यांची निवृत्ती जवळ आली होती. त्या गेल्यावर पुन्हा कुलूप लागलं तर किल्ली कोण आणणार, या विचाराने माझा जीव खालीवर व्हायचा. मला कुठे जमणार होतं ते गोडगोड बोलणं?

निरोप समारंभात वानखडेबाबू बोलायला उठले. राठोडबाईंबद्दल दोन वाक्यं झाली आणि गाडी स्वच्छतागृहावर आली. "भगिनींची अडचन मले पाहवत नोती. मी इथं हावो तोवर ते दार बंद होनार नाही!" टाळ्यांचा कडकडाट. माझे हात मांडीवरच. काय हा निर्लज्जपणा! आणि सगळ्यांत जोरात टाळ्या कोण वाजवत होतं, तर खुद्द राठोडबाई.

"बाई, अहो, हे काम तुमचं होतं," मी दातओठ खात कुजबुजले.

"वाजवा मॅडम, वाजवा," हात न थांबवता त्या म्हणाल्या. "सगळ्याईच्या समोर बोलले बाबू. आता त्याईले कुलूप लावता येत नाही."

मी टाळ्या वाजवल्या. तळहात लाल होईपर्यंत, रागाने.